पानाचे नियम कुठे राहतात

१९८०च्या दशकात जर्मनीतल्या श्प्रिंगर प्रकाशनाने काढलेली गणिताची पिवळ्या वेष्टनातली पुस्तके जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अजून सापडतात. त्यांतल्या अनेकांचे शीर्षकपानामागचे पान उलटून पाहिले, तर बारीक अक्षरांत अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव दिसते : मॅकमिलन इंडिया लिमिटेड, बंगळुरू २५. लेखक युरोपातला किंवा अमेरिकेतला, प्रकाशक हायडेलबर्गचा, आणि पानावरचे प्रत्येक समाकलचिन्ह जागेवर बसवणारे हात बंगळुरूचे. काही वर्षांनंतरच्या पुस्तकांत त्याच जागी वेगळी नोंद येऊ लागते. छपाईसाठीची अंतिम प्रत लेखकानेच तयार केली आहे, प्रकाशकाने दिलेला, टेक् या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमसाठीचा मॅक्रोंचा संच वापरून, अशा अर्थाची.

या दोन नोंदींच्या मधल्या काळात जे घडले ते केवळ काम एका शहरातून दुसरीकडे गेले एवढेच नव्हते. प्रमेय तिरप्या अक्षरांत, सिद्धता सरळ अक्षरांत, प्रकरणाचा आकडा डावीकडे, तळटीप इतक्या अंतरावर, हे पानाचे नियम तोवर जुळणी करणाऱ्या माणसापाशी असत. ते आता एका फाइलमध्ये उतरले, आणि ती फाइल टपालाने लेखकाच्या टेबलावर जाऊ शकली.

आज बंगळुरूत प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत संपादित करायला बसलेले गृहस्थ, आपला संग्रह आपल्याच मनासारखा छापू पाहणारी कवयित्री, हे सगळे एकच गोष्ट विचारतात : मला तयार साचा नको, माझ्या पद्धतीचे पान हवे, तर कोणते सॉफ्टवेअर घेऊ? याला सोयींची यादी समोर ठेवून उत्तर देणारे पुष्कळ आहेत. मला मात्र हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना वाटतो, आणि पानाचा नियम आजवर कुठे कुठे राहत आला हे पाहिल्याशिवाय त्याचे नीट उत्तर मिळत नाही.

बंगळुरूपुरता शोध घेतला तरी १९व्या शतकापर्यंत मागे जावे लागते. बेंजामिन लुईस राइस यांचा जन्म १८३७चा, बंगळुरूतलाच. म्हैसूर संस्थानाच्या सेवेत असताना त्यांनी गावोगावचे शिलालेख गोळा केले आणि १८८६पासून पुढच्या वीसेक वर्षांत ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे १२ खंड काढले. त्यांतला १८८९चा खंड श्रवणबेळगोळच्या लेखांचा. तो बंगळुरूच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांच्या सोबतीने असलेला, चावुंडरायाचे नाव सांगणारा मराठी लेख आपल्याकडच्या प्रत्येक भाषेच्या इतिहासात येतो. तो ज्या संग्रहातून अभ्यासकांपुढे आला, तो असा बंगळुरूच्या खिळ्यांनी जुळवलेला आहे.

या मालिकेला कोणताही तयार साचा पुरा पडणारा नव्हता. प्रत्येक लेखाला क्रमांक हवा, मूळ पाठ हवा, त्याचे रोमन लिप्यंतर हवे, इंग्रजी भाषांतर हवे, आणि दगड जिथे झिजला असेल तिथे तसे दाखवणारी खूण हवी. लिप्यंतरासाठी खाली टिंब दिलेली, वर आडवी रेघ असलेली रोमन अक्षरे लागत. ती इंग्रजी वर्तमानपत्राच्या खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, नसतात, वेगळी ओतून घ्यावी लागतात. हे सगळे ठरवायचे संपादकाने आणि सांभाळायचे जुळाऱ्याने. नियम कुठे लिहिलेला असेलच तर हस्तलिखिताच्या समासात आणि मुद्रितांवरच्या खुणांत. बाकी सारा हातात आणि सवयीत. जुळारी बदलला की पुढच्या खंडासाठी तो पुन्हा शिकवायचा.

पुढे १९१६मध्ये, विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने, बंगळुरू प्रेसची स्थापना झाली. दक्षिण कर्नाटकातल्या घराघरांत या छापखान्याची दिनदर्शिका भिंतीवर असते, म्हणून त्याचे नाव सर्वांना माहीत. पण १९३२मध्ये सुरू झालेले ‘करंट सायन्स’ आणि १९३४मध्ये सी. व्ही. रामन यांनी स्थापलेल्या भारतीय विज्ञान अकादमीची ‘प्रोसीडिंग्ज’, या नियतकालिकांची छपाईही सुरुवातीच्या काळात तिथेच होत असे. शिशाच्या खिळ्यांत गणित लावणे हे छपाईतले सर्वांत अवघड काम. अपूर्णांकाची रेघ, तिच्या वरचे आणि खालचे पद, घातांकाचा लहान आकडा, त्याच्याही डोक्यावरचा आणखी लहान आकडा, आणि या प्रत्येकाभोवतीची रिकामी जागा भरून काढणारे शिशाचे बारीक तुकडे. ओळीतली एक जागा केसभर ढिली राहिली तरी फर्मा बांधताना सूत्र सुटते. त्यामुळे गणिती मजकुराचा जुळणीचा दर साध्या मजकुराच्या कितीतरी पट असे.

महाराष्ट्रात या कलेचा कळस कुठे झाला असे कुणी विचारले तर मी निर्णयसागरचे नाव घेईन. जावजी दादाजींनी १८६०च्या दशकात उभ्या केलेल्या या मुंबईच्या छापखान्याचे देवनागरी टाइप देशभर वाखाणले गेले. देवनागरीची केस रोमनसारखी शंभरेक खणांत मावत नाही. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, उकारासह ओतलेले खिळे असे करत ती कित्येक शेकड्यांवर जाते. डिग्री पद्धतीत काना-मात्रांचे तुकडे अक्षराच्या वर-खाली वेगळ्या पट्ट्यांत बसवायचे; अखंड पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीचे. कोणती पद्धत घ्यायची हा छापखान्याचा पहिला निर्णय, आणि पानाचे सारे रूप त्यावरून ठरे.

अशा छापखान्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती दिली. प्रकल्प १९१९मध्ये सुरू झाला, विष्णु सीताराम सुकथनकर १९२५पासून प्रमुख संपादक झाले, आदिपर्वाचा खंड १९३३मध्ये पूर्ण झाला आणि सगळी पर्वे व्हायला १९६६ उजाडले. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडून थोडा वेळ नुसते पाहावे. वर ठळक देवनागरीत संपादकांनी निश्चित केलेला पाठ. जिथे त्यांची खात्री कमी, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. खाली लहान अक्षरांत पाठभेद, प्रत्येक हस्तलिखिताला रोमन अक्षराची आणि आकड्याची खूण. काही हस्तलिखितांतच आढळणारे श्लोक तारांकित क्रमांक देऊन वेगळे काढलेले, आणि फार मोठे प्रक्षेप परिशिष्टात.

ती नागमोडी रेघ मला फार महत्त्वाची वाटते. ती शोभेसाठी नाही. शेकडो वर्षांच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांपुढे बसलेल्या संपादकाने वाचकाला दिलेला तो प्रामाणिक इशारा आहे : इथे माझी खात्री कमी आहे. आपल्याला हवी तशी शैली म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही. मजकुराला काहीतरी सांगायचे असते, तयार साच्यात त्यासाठी जागा नसते, म्हणून नवी खूण घडवावी लागते. आणि ती एकदा घडवली की पहिल्या पर्वापासून शेवटच्या पर्वापर्यंत त्याच अर्थाने वापरावी लागते. १९३३च्या खंडात तिचा एक अर्थ आणि १९६०च्या खंडात दुसरा, असे झाले असते तर सारी आवृत्ती संशयास्पद ठरली असती. संपादक बदलले, जुळारी बदलले, खूण टिकली. ते टिकवण्यासाठी माणसांना किती मुद्रिते किती वेळा तपासावी लागली असतील!

हा भार माणसाच्या डोक्यावरून उतरवण्याची कल्पना संगणकवाल्यांनी प्रत्यक्षात आणली. १९६९मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मजकुरावर खुणा करण्याची एक भाषा बसवली. त्या भाषेत ‘हे ठळक कर’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’ एवढेच सांगायचे. शीर्षक कसे दिसावे हे अन्यत्र. १९७३च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटर यंत्रासाठी ट्रॉफ लिहिला. त्यात अनेक बारीक आज्ञांची एक मोळी बांधून तिला नाव देता येई. तिला मॅक्रो म्हणतात. १९८०मध्ये ब्रायन रीड यांच्या स्क्राइबने ही फारकत पूर्णत्वाला नेली : लेखकाने मजकूर लिहावा, शैलीची फाइल वेगळी असावी, आणि ती बदलली की तोच मजकूर दुसऱ्या वेषात निघावा.

पण पानाच्या सौंदर्यासाठी हट्ट धरणारा माणूस डोनाल्ड कनूथ हा होता. १९७७मध्ये त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांतली होती, नवी फोटोटाइपसेटिंगची. अक्षरे आणि त्यांमधली अंतरे पाहून कनूथ इतके निराश झाले की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. थोड्या महिन्यांचे काम म्हणून हाती घेतलेले हे टेक् त्यांना सुमारे दहा वर्षे पुरले. जुन्या पुस्तकांतली गणिताची पाने त्यांनी बारकाईने अभ्यासली, सूत्रात कुठे किती जागा सोडायची हे जुळाऱ्याच्या बोटांतले ज्ञान नियम म्हणून लिहून काढले, आणि परिच्छेद तोडताना एकेक ओळ न बघता सबंध परिच्छेद एकदम तोलणारी रीत बसवली. टेक् त्यांनी सर्वांना मोफत दिले. आता त्यात नवी भर घालायची नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, असे ठरवून त्याच्या आवृत्तीचा आकडा पाय (π) या संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकत ठेवला.

टेक् एकट्याने वापरणे कठीण. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यावर लाटेक् हा मॅक्रोंचा संच रचला आणि १९८६मध्ये त्याचे पुस्तक आले. लाटेक्मध्ये लेखक सुरुवातीला एका आज्ञेने सांगतो की हा लेख आहे, अहवाल आहे की पुस्तक. मग प्रकरण, प्रमेय, तळटीप यांना त्यांच्या नावाने हाक मारतो. दिसण्याचा सारा कारभार क्लास नावाच्या फाइलमध्ये. श्प्रिंगरने लेखकांना पाठवलेला संच तो याच जातीचा. सुरुवातीला पाहिलेली ती दुसरी नोंद इथून उगवली.

याच सुमारास दुसरी एक शाखा फुटली, आणि मराठी छपाई तिच्याबरोबर गेली. १९८५मध्ये लेझर प्रिंटर, पोस्टस्क्रिप्ट आणि आल्डसचे पेजमेकर एकत्र आले आणि डीटीपी नावाचा धंदा जन्माला आला. पुढच्या दोन वर्षांत व्हेंचुरा पब्लिशर आणि क्वार्क एक्सप्रेस आले. या सगळ्यांत पहिल्यापासून नाही तरी लवकरच स्टाइलची सोय झाली. शीर्षकाची स्टाइल बदलली की पुस्तकभरची शीर्षके बदलत. पण पान डोळ्यांसमोर दिसत होते, माउसने उचलून कुठेही ठेवता येत होते, त्यामुळे घाईत ती सोय मागे पडली. मजकूर सिलेक्ट करायचा, फाँट बदलायचा, ठळक करायचा, पुढे जायचे. आमच्याकडच्या असंख्य पुस्तकांची पाने अशी लागली. नियम पुन्हा माणसाच्या हातात आला, फक्त या वेळी तो हात दिवसाला कित्येक पाने लावणाऱ्या ऑपरेटरचा होता. निर्णयसागरच्या जुळाऱ्याला मिळालेला वेळ आणि शिक्षण त्याला कुणी दिले नव्हते. दोष त्याचा नाही.

मराठीपुढे याहून मोठी अडचण होती, आणि तिच्या सोडवणुकीत बंगळुरूचे नाव पुन्हा येते. पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती. त्याला फक्त २५६ खणांचा फाँट कळे. म्हणून देवनागरीचे तुकडे केले गेले, काना एका खणात, अर्धा त दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात, आणि कळफलकावर लिहिलेले या तुकड्यांतून जुळवून देणारे सॉफ्टवेअर मध्ये बसले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम, आणि बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती, ही त्यांतली ठळक नावे. आकृतीचे देवनागरी फाँट महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांत इतके रुळले की ते कन्नड मुलखातून आले आहेत याची अनेकांना कल्पनाही नसे.

या साधनांनी मराठी पुस्तक जगवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण त्यांची किंमतही मोजावी लागली. प्रत्येक कंपनीच्या खणांचा क्रम वेगळा. काना कुणाच्या १२३व्या खणात, कुणाच्या २१०व्या. १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानक आले होते, त्यात अक्षराला त्याच्या रूपावरून नव्हे तर वर्णावरून क्रमांक होता. तरी पान लावण्याच्या फाइलींत फाँटचाच क्रम चाले. परिणाम असा की मराठी मजकूर त्याच्या दिसण्याला जखडला गेला. फाँट काढून घेतला की उरे ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग. आयबीएमच्या त्या मंडळींनी मजकूर आणि रूप यांची फारकत केली होती. इथे रूप म्हणजेच मजकूर झाला. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ची. त्यानंतर कितीतरी प्रकाशकांच्या कपाटांत अशा सीडी पडून राहिल्या, की ज्यांतून पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढण्यापेक्षा सगळे पुन्हा टाइप करणे सोपे. सायबरस्केपने पुढे नऊ भारतीय लिप्यांचे आकृती फाँट जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले केले. हे मोठ्या मनाचे काम होते, आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्यांना त्याचा आधार झाला.

टेक्च्या शाखेत देवनागरी आधीच पोचली होती, तीही दुरून. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थौस यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस देवनागरी फाँट आणि रोमन अक्षरांतून देवनागरी घडवणारा पूर्वप्रक्रियक बनवला. गंमत नव्हे, गरज होती : संस्कृतचे अभ्यासक जगभर पसरलेले आणि त्यांना छापखाने परवडत नव्हते. १९९०च्या सुमारास जॉन लॅव्हॅग्निनो आणि संस्कृत पंडित डॉमिनिक वुयास्टिक यांनी चिकित्सक आवृत्त्यांसाठी एडमॅक हा मॅक्रोसंच केला. ओळींना क्रमांक, तळाशी पाठभेदांचे अनेक थर, प्रत्येक भेदाला आपोआप ओळक्रमांक. त्याचीच पुढची पिढी आज लाटेक्मध्ये रेलेडमॅक या नावाने चालते. सुकथनकरांच्या पानासारखी रचना करायला निर्णयसागरला जी फौज लागली, तिचे बरेचसे यांत्रिक काम या फाइलींनी उचलले. पाठ ठरवण्याचे काम अर्थात कुणी उचलू शकत नाही.

भारतात टेक्चे संघटित काम केरळात उभे राहिले. १९९८मध्ये तिरुवनंतपुरमला भारतीय टेक् वापरकर्त्यांचा गट झाला आणि २००२मध्ये जागतिक टेक् परिषदही तिथे भरली. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रबंध लाटेक्मध्ये लिहिणे इतके सरावाचे झाले, की विद्यार्थी आपल्या आधीच्या विद्यार्थ्याकडून त्याची शैलीची फाइल मागून घेतो, समास आणि मुखपृष्ठ दुरुस्त करतो आणि पुढच्याला देतो. छापखान्यातल्या उस्ताद-शागिर्दाची रीत इथे फाइलीच्या रूपाने चालू आहे, आणि ती मला मनापासून आवडते.

मराठीसाठी खरा बदल युनिकोड आणि ओपनटाइपने केला. विंडोजबरोबर मंगल हा देवनागरी फाँट आला, आणि तो रेखणारे होते आपले सुलेखनकार र. कृ. जोशी. विंडोजमधला कन्नड फाँट तुंगाही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला. मजकूर आता वर्णांच्या क्रमाने साठवला जातो आणि जोडाक्षर फाँटमधल्या नियमांनी घडते. म्हणजे फाँट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. २००४मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक् आणले आणि टेक्ला हे फाँट थेट वापरता येऊ लागले. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनला भारतीय लिप्या अधिकृतपणे कळायला २०१२ची सीएस६ आवृत्ती यावी लागली.

इथे मराठी माणसाने एक बारीक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ती प्रमाण म्हणून दिली आहेत. चांगल्या ओपनटाइप फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात. पण मजकूर मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच मराठी रूप येते. लाटेक्मध्ये ती भाषेची एक ओळ आहे, इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलमधली भाषा. तीच बाब ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यची आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची. मराठीत शब्द कुठे तोडावा याचे आराखडे टेक्साठी संतोष तोट्टिंगल यांच्यामुळे उपलब्ध आहेत. हे तीन तपास ज्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरत नाहीत, त्याच्या बाकीच्या गुणांकडे मी बघत नाही.

आता त्या तिघांकडे येऊ. प्रबंधवाल्याला माझे सांगणे असे की प्रबंधासाठी लाटेक् जरूर घे, कारण सूत्रे, संदर्भ, आकृत्यांचे क्रमांक यांचे शेकडो धागे ते स्वतः सांभाळते. पण नियतकालिकाला पाठवायच्या लेखावर स्वतःची शैली चढवण्यात वेळ घालवू नकोस. मोठे प्रकाशक लेखकाची फाइल उलगडून एक्सएमएलमध्ये नेतात आणि आपल्या साच्यात नव्याने बसवतात, आणि त्यातले पुष्कळ काम आजही बंगळुरू, चेन्नईसारख्या शहरांतच होते. तिथे लेखकाची सजावट पहिल्याच टप्प्यावर गळून पडते. विज्ञान अकादमीची नियतकालिकेही २००७पासून श्प्रिंगरच्या सोबतीने निघतात.

कवयित्रीला वेगळे उत्तर. साठ-सत्तर कविता, प्रत्येकीचे पान स्वतंत्र, कुठे ओळ किती आत सरकवायची हा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा. तिथे इनडिझाइन, किंवा पैसे नसतील तर स्क्रायबस. समोर पान दिसत असताना ओळ अर्ध्या अक्षराने सरकवून पाहण्यात जे कळते ते आज्ञा लिहून कळत नाही. मात्र स्टाइल नावाने करावी : कवितेचे नाव, ओळ, आत सरकलेली ओळ. आणि परिच्छेदाची जुळणी करणारा कंपोझर भारतीय लिप्यांचा निवडावा, नाहीतर जोडाक्षरे फुटतात.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो कुलवृत्तांत. आपल्याकडचा हा ग्रंथप्रकार शैलीच्या दृष्टीने शिलालेखसंग्रहाइतकाच अवघड आहे. मूळ पुरुषापासून पिढ्या मोजायच्या, शाखांना क्रमांक द्यायचे, प्रत्येक नोंदीत नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेर, अपत्ये, आणि अपत्य जिथे स्वतंत्र नोंद म्हणून येते त्या पानाचा निर्देश. पूर्वी एखाद्या घरातली मुलीकडची शाखा ठेवायची नाही असा प्रघात होता. आता बहुतेक संपादक ती ठेवतात, म्हणजे नोंदीची रचनाच बदलते. शिवाय पुस्तक छापायला जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बंगळुरूहून, बडोद्याहून, न्यू जर्सीहून फोन येत राहतात : आमच्या नातवाचे नाव राहिले. पाचव्या पिढीत एक नाव घातले की पुढचे सगळे क्रमांक आणि सगळे पाननिर्देश हलतात.

वर्डमध्ये हे होणारच नाही असे नाही. वर्डच्या स्टाइलचे कूळ झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून चार्ल्स सिमोन्यी यांच्याबरोबर आलेले आहे, आणि नातेवाइकांकडून दुरुस्त्या गोळा करायला त्याइतके सोयीचे काही नाही. त्या गोळा करण्यापुरते ते वापरावे. पण अंतिम ग्रंथ मी लाटेक्मध्ये, लुआटेक् किंवा झीटेक् ही युनिकोड जाणणारी इंजिने वापरून करीन. ‘व्यक्ती’ नावाची एकच आज्ञा, तिला पिढी, नाव, जन्म असे रकाने, आणि ते छापील पानावर कसे दिसावेत हे वेगळ्या फाइलीत. मराठीसाठी वाटाड्या म्हणून लिहिलेली लाटेक्ची मार्गदर्शिका सीटॅन या टेक्च्या इंटरनेटवरील भांडारात मोफत मिळते. लाटेक्च्या चुकांचे संदेश वाचून ज्यांचा धीर सुटतो त्यांनी टिप्स्ट पाहावे. बर्लिनच्या दोन तरुणांनी, लॉरेन्त्स मेडे आणि मार्टिन हाऊग यांनी, २०२३मध्ये ते खुले केले. नियम लिहिण्याची त्याची भाषा फार स्वच्छ आहे आणि पान लगेच समोर दिसते. मात्र ते अजून बदलते आहे, आणि कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती साधारणपणे तीस वर्षांनी निघते. लॅम्पोर्ट यांच्या काळातली साधी लाटेक् फाइल किरकोळ डागडुजीने आजही चालते, हे माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

छापखान्याकडे पीडीएफ गेल्यावर संपादकाने घराण्याच्या मंडळाकडे तीन गोष्टी ठेवाव्यात. नोंदींची साधी युनिकोड मजकुराची फाइल, शैलीची फाइल, आणि वापरलेला खुल्या परवान्याचा फाँट. शैलीच्या फाइलीत प्रत्येक नियमाशेजारी मराठीत एक ओळ लिहावी की तो का केला : दत्तक अपत्याच्या नावाआधी ही खूण, जन्मसाल अंदाजे असेल तर आकड्याखाली नागमोडी रेघ.